काळा डाग

दिवाळीच्या सुटीत धाकटा लातूरहून घरी आला. धुण्याचे कपडे काढताना त्याच्या बॅगेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला तळहाताएवढा चार्जर त्याच्या आईच्या हाती लागला. तिने तो नाकाजवळ नेला आणि मला हाक मारली, "अहो, ह्याला जळाल्याचा वास येतोय."

माझे नांदेडला रेडिओ दुरुस्तीचे दुकान आहे. रेडिओ आता पाटीवरच उरला. कामे येतात ती मिक्सरची, इन्व्हर्टरची. मुलगा लातूरला पॉलिटेक्निकला शिकतो. चौघे मित्र मिळून छोट्या विमानाचे मॉडेल बनवतात. त्याच्या बॅटरीचा हा चार्जर त्याने आईच्या भिशीच्या पैशातून घेतला होता. म्हणूनच तो टॉवेलात होता.

"कामून लपवलंस रे?" मी विचारले.

"आई काही बोलली नसती बाबा. त्याचंच वाईट वाटलं."

खोलीवरची लाईट गेली होती. मित्राच्या मोटारसायकलची बॅटरी काढून यांनी चार्जरला जोडली, अंधारात, लाल वायर काळ्यावर. फट्ट झाले आणि धूर निघाला.

चार स्क्रू काढले. किटवर (आम्ही मेकॅनिक लोक पीसीबीला किटच म्हणतो) वायर येते तिथे हरभऱ्याएवढा काळा डाग होता. तांब्याची पट्टी उडून गेलेली. शेजारचा मॉस्फेट मीटरवर कसाही तपासला तरी बीप वाजत होता, म्हणजे शॉर्ट. मॉस्फेट म्हणजे करंटची तोटी समजा; ती कायमची उघडी राहिली होती.

मी आयर्न तापवला आणि मुलाच्या हातात दिला. भंगारातल्या यूपीएसमधून त्याच जातीचा मॉस्फेट काढला. तो एन-चॅनल होता म्हणून जमले. पी-चॅनल लागला असता तर वजिराबादच्या दुकानांतून हिंडावे लागले असते. उडालेल्या पट्टीच्या जागी तांब्याची तार टाकून त्याने दोन्ही टोकांना डाग दिला. पहिला डाग ओबडधोबड झाला, दुसरा बरा होता. थेट सप्लाय न देता मध्ये सिरीजला मोटारसायकलचा बारा व्होल्टचा बल्ब लावला. किटमध्ये अजून शॉर्ट असला तर बल्ब भगभगीत पेटतो, किट वाचते. बल्ब जेमतेम लाल झाला आणि चार्जरच्या पडद्यावर आकडे उमटले.

"झालं!" पोरगा ओरडला. मलाही झालेच वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने लोहा, अहमदपूर करत तो लातूरला जाणार होता.

बल्ब काढून बॅटरी लावली. तिच्यात तीन सेल असतात आणि चार्जर प्रत्येकाचे व्होल्टेज वेगळे मोजतो. मोटारसायकलची शिशाची बॅटरी जास्त चार्ज झाली तर आधी तिचे पाणी आटते. लिथियमचे तसे नाही. १९९१ साली सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आणली, त्याच सुमारास मी हा धंदा शिकत होतो. तेव्हा वाटले नव्हते की ही वस्तू आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येईल. तिचा सेल ४.२ व्होल्टला भरला की थांबावे लागते. पुढे रेटला तर फुगतो, पेट घेतो.

म्हणून मी माझे मीटर लावले. पडद्यावर पहिला सेल ४.११. मीटरवर ४.२०. आणि चार्जिंग चालूच!

मी वायर उपसली. चौघे पोरे एका खोलीत झोपतात, चार्जर रात्रीचा चालतो, हे मला त्यानेच सांगितले होते.

"फेकून द्या ते," त्याची आई म्हणाली. "पैशाचं काही नाही."

फेकण्याचेच मनात होते. धंद्याच्या सुरुवातीला मी एका भाजीवाल्याचा टेप नुसता वाजतो एवढे बघून परत दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याने तो जळका टेप काउंटरवर ठेवला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते.

रात्री जेवणानंतर किट पुन्हा भिंगाखाली घेतले. चूक आमच्या आळसाची होती. डाग आम्ही ब्रशने झटकला होता, खरवडला नव्हता. किटची प्लेट काचतंतू आणि राळेची असते. राळ जळली की तिचा कोळसा होतो आणि कोळशातून वीज वाहते. त्या डागाच्या कडेलाच पहिल्या सेलचे व्होल्टेज मोजणारे दोन बारीक रेझिस्टर होते. कोळशातून थोडा करंट पाझरे आणि चार्जरला सेल रिकामा भासे. त्याला पडद्यावर दिसत होते तेच तो खरे मानत होता.

मुलाने ब्लेडने डाग खरवडला. "अजून," मी म्हणत राहिलो. कोळसा पार जाऊन प्लेटचा मूळ हिरवट-पिवळा रंग दिसेपर्यंत, प्लेट दिव्यासमोर धरून. मग आयपीएने धुतली, वाळवली आणि खड्ड्यात एपॉक्सी भरली. अकरा वाजून गेले होते.

सकाळी अंगणातल्या फरशीवर, जवळ रेतीचे घमेले ठेवून पुन्हा लावले. पडदा आणि मीटर दोन्हीकडे ४.२०. चार्जर आपणहून थांबला. तिन्ही सेल मिळून १२.६.

त्याची सकाळची एसटी चुकली, दुपारची मिळाली. संध्याकाळी गंजगोलाईतून फोन आला, पोचलो म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुकानात मिक्सर उघडला तर मीटर जागेवर नाही. घरी विचारले.

"त्यानं नेलंय," त्याची आई म्हणाली. "मला सांगून नेलंय या वेळी."