पहिला थर

भीमगीतांची जुनी सीडी अजून पुष्कळ घरांत असेल. तिचा चकचकीत मुलामा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. केसाच्या जाडीच्या जेमतेम हजाराव्या भागाएवढा. बंद भांड्यातली हवा काढून थोडा अरगॉन वायू सोडतात आणि विजेचा दाब देतात. अरगॉनचे भारित अणू धातूच्या पत्र्यावर आदळतात; तेथून उडालेले धातूचे अणू समोरच्या तबकडीवर बसतात. याला स्पटरिंग म्हणतात.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. हे आम्हांला समजावले ते लातूरला एम.एस्सी. फिजिक्स करणाऱ्या, आमच्या नांदेडच्या वस्तीतल्या मुलीने. ती म्हणाली, "काका, थरात धातूचे बारीक स्फटिक असतात. ते कोणत्या दिशेने बसले, त्यावर थराचा टिकाऊपणा ठरतो."

कॉम्प्युटरच्या चिपमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म तारा असत. वीज वाहताना अणू ओढले जाऊन पोकळी पडते, तार तुटते. स्फटिक एका दिशेने बसले तर तार जास्त टिकते. ते तसे बसवायचे कसे? उष्णता आणि वायूचा दाब सांभाळायचा, भांड्यात पाण्याची वाफ राहू द्यायची नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या आधी टायटॅनियमचा पातळ थर द्यायचा. त्यातली अणूंची मांडणी जुळती असल्याने वरचे स्फटिक तिच्याप्रमाणे बसतात. २००५ पासून आलेल्या नव्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये कोबाल्टच्या मिश्रधातूखाली रुथेनियमचा थर देतात तो याचसाठी.

धातू तोच, अणू तेच. बदलते ती परिस्थिती. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण इथे क्ष-किरणांनी तपासून पाहता येते. जन्मावर माणसाची लायकी ठरवणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

मुलीचे वडील गवंडी. "लातूरला पोरं डॉक्टर व्हायला जातात. हिच्या फिजिक्सचं काय करायचं? लग्न उरकून टाकू," असे त्यांचे म्हणणे. आम्ही दोन संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठ नव्हते. आज विष्णुपुरीला १९९४ पासूनचे विद्यापीठ आहे, तेथे पातळ थरांवर संशोधनही चालते. पोरगी घरी राहून पीएच.डी. करू शकते. त्यांनी लग्नाची बोलणी तूर्त थांबवली आहेत.

बंधुभगिनींनो, तुमच्या घरातही अशी मुलगी असेल. १४ एप्रिलच्या वर्गणीतून थोडे पैसे विहाराच्या अभ्यासिकेतल्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी काढा. पहिला थर आपणच द्यायचा आहे.