शिट्टी कुणाच्या गळ्यात?

वणीकडच्या आमच्या वस्तीत बायकांचे लेझीम पथक काही नवे नाही. कापसाच्या वेचण्या आटोपल्या की रात्री आठनंतर आम्ही विहाराच्या अंगणात जमतो. स्वयंपाक उरकून येणाऱ्या, झोपलेले लेकरू खांद्यावर घेऊन येणाऱ्या, अशा वीसजणी. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पांढरी पातळे नेसून आम्ही दरवर्षी नाचतो. शिट्टी मात्र सदा पुरुषाच्या गळ्यात. ती वाजेल तसे आम्ही वळायचे.

मागच्या साली शिट्टी मारणारे भाऊ कामासाठी पुण्याला गेले. तेव्हा जिनिंगमध्ये मजुरी करणारी आमची वहिनी म्हणाली, "मी मारते."

"बाईच्या तोंडात शिट्टी बरी दिसते काय?" ढोल वाजवणारे काका बोलले.

कोपऱ्यातून आजी म्हणाल्या, "नागपुरात बायांची परिषद झाली, तिची अध्यक्ष कोण होती मंग? माय सांगायची मले."

आजी म्हणत होत्या ती २० जुलै १९४२ची परिषद. खुद्द बाबासाहेब समोर असताना अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. काका गप्प झाले, राजी झाले नाहीत.

काम सोपे नव्हते. शिट्टीवालीला पथकाकडे तोंड करून उलटे चालावे लागते. आठ मोजून व्हायच्या आत इशारा गेला पाहिजे, नाहीतर निम्म्या बसतात अन् निम्म्या उभ्याच राहतात. वहिनी सुरुवातीला दंडाला धरून आम्हाला फिरवायची. आम्ही चिडायचो.

नागपुरात शिकणाऱ्या पुतणीने एकदा मोबाइलवर टँगो दाखवला. अर्जेंटिना-उरुग्वेकडचा हा जोडीचा नाच. रीतीप्रमाणे पुरुष पुढे नेतो, बाई मागे जाते. आता कितीतरी शहरांत बायाही पुढे नेतात. जोडीत कोणीही पुढे व्हावे, असे मानणाऱ्यांचा महोत्सव २००१ साली जर्मनीत हॅम्बुर्गला भरला होता. पुतणी म्हणाली, "यात नेणारा ओढत नाही. अंगाच्या कलाने आधी इशारा देतो, दुसऱ्याचे पाऊल पडेपर्यंत थांबतो."

"म्हणजे आधी सांगायचं, मंग थांबायचं," वहिनी म्हणाली. त्या रात्रीपासून तिने कुणाचा दंड धरला नाही.

मिरवणूक चौकात आली आणि काकांनी ढोल एकदम घाईत घेतला. मुद्दाम की उत्साहात, ते तेच जाणोत. आमच्या रांगा फाटू लागल्या. वहिनीने दोन्ही हात वर केले. वीस लेझिमा थांबल्या. एकटा ढोल वाजत राहिला. माणसे बघू लागली तशी काकांनी मान वर केली. वहिनी काही बोलली नाही. पायाने सावकाश ठेका धरून ती वाट बघत उभी राहिली. टिपरू हळूहळू तिच्या पायावर आले, तेव्हा शिट्टी वाजली.

घरी आल्यावर कळले, तिच्या चपलेचा पट्टा मघाच तुटला होता. तापलेल्या डांबरावरून ती अनवाणी उलटी चालली होती.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "बसून मारायचा हात अजून कच्चा आहे तुमचा."

खरेच होते. यंदा सरावाला तोच हात आधी घेतला.