चर्चच्या हॉलमधली बकरी ईद

माझी खाला सांगलीत राहते, कृष्णेपासून चालत दहा मिनिटांवर. 2005 च्या पुरात पाणी तिच्या घराच्या दुसऱ्या पायरीला लागून परत गेलं होतं. त्यामुळे 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी रोज वाढत होती तरी तिचा हिशोब पक्का होता. दुसऱ्या पायरीपुढे पाणी येत नाही. हा हिशोब तिच्या एकटीचा नव्हता. अख्खी सांगली 2005 ची खूण दाखवत घरात बसली होती. त्या वर्षी कृष्णा 57 फुटांच्या पुढे गेली आणि सगळ्या खुणा पाण्याखाली गेल्या.

मी मिरजेत. मधलं अंतर आठ-नऊ किलोमीटरचं, पण दोन दिवस खालाचा फोन लागत नव्हता. 8 तारखेला ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं गेली, ती बातमी आली तेव्हा तर घरात कुणी जेवलं नाही. संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, "सलाम. तुमची मावशी आमच्याकडे आहे, बरी आहे, बोला." मला वाटलं, कुणा मुसलमानाच्या घरी आहे. सुटल्यासारखं झालं. मग खाला फोनवर आली आणि रडत म्हणाली, "अरे, मेरेकू चर्च में लाके रखे. आके ले जा रे बाबा."

मराठी ख्रिस्ती लोक एकमेकांना सलाम म्हणतात, हे मला मिरजेत जन्म काढूनही तोवर ठाऊक नव्हतं. माझा जन्म मिशन हॉस्पिटलमधला. डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 मध्ये उभं केलेलं ते हॉस्पिटल. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिथंच जन्मली आणि काही तिथंच वारली. पण हॉस्पिटलच्या पलीकडे, ज्यांनी ते चालवलं त्या लोकांच्या देवळात काय चालतं, त्यांचे सण कसे असतात, ते एकमेकांना हाक काय मारतात, हे कधी विचारलं नाही. शेजार होता, ये-जा नव्हती.

झालं असं होतं की, खालाच्या गल्लीतल्या तीस-चाळीस जणांना बोटीनं काढून एका ट्रकमध्ये बसवलं. ट्रकवाल्यानं मिरजेत जिथं जागा मिळाली तिथं, म्हणजे एका चर्चच्या आवारात, उतरवलं. मी पोचलो तेव्हा हॉलमधले बाक भिंतीला लावून ठेवले होते, खाली चटया. बायका आणि लहान मुलं हॉलमध्ये, पुरुष शेजारच्या शाळेच्या वर्गांत. खाला दाराजवळच्या कोपऱ्यात बसली होती. सकाळपासून चहाखेरीज काही घेतलं नव्हतं.

"खालं का नाहीस?"

"किसके हाथ का, कैसा..." एवढंच म्हणाली.

हे ऐकून पाळकबाई पुढं आल्या. ज्यांनी फोन केला होता त्या याच. म्हणाल्या, "मावशी, या हॉलमध्ये मटण-चिकन काहीच शिजणार नाही. फक्त खिचडी, आमटी-भात, पोळी-भाजी. तुम्हाला विचारावं लागू नये, आम्हाला सांगावं लागू नये, म्हणून पहिल्या दिवशीच ठरवलं." तिथं गुरुवार करणारी बाई होती, श्रावण पाळणारे होते, दोन जैन कुटुंबंही होती. एकाच पातेल्यात सगळ्यांची सोय बसवायची, तर पातेलं असंच असावं लागतं. मी आजवर किती जेवणावळी घातल्या, मदतीच्या किती गाड्या भरल्या. घेणाऱ्याला प्रश्न विचारावा लागू नये हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

खालानं खिचडी खाल्ली. नमाजचं विचारायला लाजत होती, मीच विचारलं. पश्चिम कुठली, यावरच दहा मिनिटं गेली, कारण त्या आठवड्यात सूर्य कुणी पाहिला असेल तर शपथ. शेवटी कळलं की क्रूस पूर्वेच्या भिंतीवर आहे. म्हणजे किब्ल्याकडे तोंड केलं की क्रूस आपोआप पाठीशी. खालाला हायसं वाटलं. पाळकबाईंनी एक धुतलेली चादर अंथरून दिली आणि त्या बाजूला खेळणाऱ्या मुलांना हाकललं.

दुसऱ्या दिवशी जुम्मा. नमाजनंतर मी रिक्षा घेऊन खालाला न्यायला गेलो. माझं घर दोन खोल्यांचं, त्यात बायकोकडचे अकरा जण आधीच आलेले, पण खाला म्हणजे खाला. तर ती यायला तयार नाही. तिची साखरेची आणि प्रेशरची गोळी सांगलीच्या घरात बुडाली होती, नावं तिला आठवत नव्हती. मिशन हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकलेली चर्चमधली एक मुलगी वही घेऊन प्रत्येकीजवळ बसत होती. गोळीचा रंग, आकार, किती वाजता घेता, असं विचारत विचारत तिनं गोळ्या शोधून आणल्या. त्या वहीचे रकाने मी पाहिले: नाव, वय, गाव, आजार, गोळ्या, अंगावर पिणारं मूल, पाळीचे पॅड, चपलेचा नंबर. चपलेचा नंबर! बोटीत चढताना बहुतेकांच्या चपला गेल्या होत्या. आपण सगळे त्या दिवसांत बिस्किटांचे पुडे पाठवत होतो. मिरजेच्या रस्त्यांवर बिस्किटं इतकी साठली होती की मुलं कंटाळली होती, आणि माणसं अनवाणी फिरत होती.

धर्म-जात असा रकाना वहीत नव्हता.

रविवारी 11 तारखेला त्यांची उपासना. हॉल भरलेला, म्हणून मंडळी आवारात ताडपत्रीखाली उभी राहिली, पाऊस चालूच. म्हातारे लोक खुर्च्यांवर, बाकीचे छत्र्या घेऊन. मी गेटाशी थांबून पाहत होतो. स्वतःच्या प्रार्थनेची जागा त्यांनी परक्यांना झोपायला दिली होती आणि स्वतः पावसात होते. पहिला विचार मनात आला तो मात्र चांगला नव्हता. आता आत जाऊन सगळ्यांना प्रार्थनेला बोलावतील, असं वाटलं. कुणी आत गेलं नाही.

हा संशय माझ्या एकट्याचा नव्हता. आदल्या रात्रीपासून व्हॉट्सॲपवर फिरत होतं की चर्चवाले पूरग्रस्तांना बाटवतायत. आमच्या मोहल्ल्यातही दोघा-तिघांनी मला ऐकवलं, तुझ्या खालाला सांभाळ. शेवटी मी पाळकसाहेबांना सरळ विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "गळ्यापर्यंतच्या पाण्यातून आलेल्या माणसाला मी देवाविषयी काय सांगू? त्याला चादर पाहिजे. आणि आज मी काही सांगितलं, तर तो चादरीसाठी हो म्हणेल. असं 'हो' मला तरी कशाला हवं?"

हा प्रश्न त्यांच्याकडे फार जुना आहे. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनी केडगावात शेकडो मुलींना आसरा दिला, अहमदनगरकडे मिशननं अनाथ मुलं सांभाळली. त्यातले बरेच पुढे ख्रिस्ती झाले, हे खरं आहे. अन्नासाठी आले की श्रद्धेनं आले, हा वाद तेव्हापासूनचा. भुकेच्या माणसाचा निर्णय मोकळा असतो असं मला वाटत नाही. पण त्या मुली कुणी उचलल्या नसत्या तर काय झालं असतं, याचं उत्तर वाद घालणाऱ्यांनी द्यावं. पुढे या लोकांनी स्वतःवरच बंधन घालून घेतलं. फाळणीच्या निर्वासितांसाठी 1947 मध्ये इथल्या प्रोटेस्टंट चर्चेसनी जी संस्था काढली, तिला आज 'कासा' म्हणतात. आपत्तीच्या कामाची रेड क्रॉसबरोबरची आचारसंहिता 1994 ची. ती ज्यांनी मिळून तयार केली त्यांत कॅथलिकांची कॅरिटास होती, जागतिक चर्च परिषद होती. मदत गरज पाहून द्यायची, पंथ पाहून नाही, आणि मदतीच्या आडून धर्म पुढे रेटायचा नाही, हे त्यात आहे. सगळे पाळतात असा माझा दावा नाही. त्या हॉलमध्ये पाळलं जात होतं, एवढं मी पाहिलं.

आणि आपलं? सोमवारी बकरी ईद होती. कुर्बानीचं काय करायचं यावर शनिवारी रात्री आमच्याकडे बैठक झाली. त्या वर्षी कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी मुसलमानांनी कुर्बानीचा खर्च पूरग्रस्तांना दिला, ते वर्तमानपत्रांतही आलं. आमच्याकडे मौलवीसाहेबांनी समजावलं की ज्याच्यावर कुर्बानी वाजिब आहे त्यानं ती करावी, पण नफल म्हणून दुसरा-तिसरा बकरा घेणाऱ्यांनी ते पैसे द्यावेत. इथवर ठीक. मग कुणीतरी म्हणालं, जकातीची शिल्लकही काढू या. आणि तिथं गाडी अडली. जकात मुसलमानालाच लागते, चर्चच्या हॉलमध्ये बहुतेक हिंदू आहेत. मग वाटताना निवडायचं कसं?

मसला मी नाकारत नाही. बहुतेक उलमांचं मत तेच आहे. सदका मात्र कुणालाही देता येतो, त्याला धर्माची अट नाही. पण आमच्या हिशोबात जकातीचा पैसा होता, सदक्याचा जवळजवळ नव्हताच. गंमत म्हणजे जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये 'मुअल्लफतुल कुलूब' असा एक वर्ग आहे, म्हणजे ज्यांची मनं इस्लामकडे वळवायची आहेत ते. हजरत उमर यांनी आता याची गरज उरली नाही म्हणून ते देणं थांबवलं. म्हणजे देणं आणि मन वळवणं यांचं नातं आपल्या घरातही माहीत होतं, आणि ते थांबवण्याचा शहाणपणाही. पाळकसाहेबांवर संशय घेताना यातलं काही मला आठवलं नव्हतं.

त्या रात्री जकातीचा डबा तसाच राहिला. वर्गणी काढली, एकवीस हजार जमले. वहीतले नंबर पाहून चपला घेतल्या.

ईदच्या सकाळी खालाला घरी न्यायला गेलो, तर हॉलमध्ये शिरखुर्म्याचा वास. बकरी ईदला शिरखुर्मा कुठं असतो? पाळकबाईंना दोन्ही ईदींतला फरक माहीत नव्हता. त्यांनी खालाला विचारलंही नाही, शेवया आणून केला. खालानं दुरुस्त केलं नाही. शेजारच्या बाईला वाटी देताना मला डोळ्यानंच दटावलं, गप्प बस.

पाणी उतरल्यावरचं काम वेगळंच. गाळ, फुगलेले दरवाजे, कोठीतल्या गव्हाचा आंबूस वास जो महिनाभर भिंतींतून जात नाही. चर्चच्या तरुण संघाची दहा मुलं आणि आमच्या मोहल्ल्यातली आठ खालाच्या गल्लीत आली. लोकांनी पाठवलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातले फाटके निवडून चर्चच्या बायकांनी त्यांची पोतेरी केली होती, तीच घेऊन आली. फळीवरचं कुराण जुजदानात होतं, तळ ओला झालेला. ते सापडलं त्या मुलानं मला हाक मारली आणि विचारलं, "मी हात लावला तर चालेल का?" हात कोपरापर्यंत चिखलात होते, त्यातच त्यानं ती फळी पडू नये म्हणून धरून ठेवली होती. मी हात धुऊन येईपर्यंत तो तसाच उभा होता.

2021 च्या जुलैत पाणी परत आलं, 50 फुटांच्या पुढे. बकरी ईद होऊन दोन-तीन दिवस झाले होते. या वेळी खाला आधीच निघाली. दरम्यान विदेशी देणग्यांचा कायदा बदलला होता. 2020 पासून एका संस्थेला आलेले बाहेरचे पैसे दुसरीला देता येत नाहीत. मोठ्या संस्थांकडून खाली येणारी वाट बंद झाली, आणि कोरोनात रविवारचं दानार्पणही आटलेलं. पाळकसाहेबांनी मला फोन करून विचारलं, तुमच्याकडून काही होईल का? तोवर मशिदीत जकातीशेजारी सदक्याचा दुसरा डबा आला होता. तो ठेवायला दीड वर्ष भांडावं लागलं, आणि अजूनही त्यात कमीच पडतं.

त्या वेळी वही आमच्याकडे होती. आमच्यातल्या एका पोरानं रकाने आखताना वयानंतर 'धर्म' लिहिलं होतं. खाला शेजारी बसली होती. तिनं चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "चप्पल का नंबर किदर है?"