गोळीबार मैदानावरून मोहल्ल्याकडे

महाडहून एसटी निघाली की पोलादपूरनंतर पूर्वी कशेडी घाट लागायचा. लहानपणी या घाटात माझा हमखास उलटीचा कार्यक्रम असे आणि अब्बा खिशात लिंबू ठेवत. आता बोगदा झाला आहे. डोळे मिटून एक तस्बीह पुरी होते न होते तोच गाडी खेड तालुक्यात. भरणे नाक्यावर उतरले तेव्हा असर व्हायला वेळ होता. 2025 च्या रमजानचा दुसरा आठवडा. रिक्षावाल्याने विचारले, “कुठे, मोहल्ल्यात ना?” माहेरी पत्ता सांगावा लागत नाही, एवढे सुख अजून शिल्लक आहे.

जगबुडीच्या पुलावर मी नेहमी खाली पाहते. उन्हात पडलेली मगर दिसली तर शुभशकुन, असा आम्हा भावंडांचा खेळ होता. या वेळी दिसली नाही. नदी आटून काठाला गेली होती. हीच नदी जुलै 2021 मध्ये बाजारपेठेत शिरली होती. आमच्या घराच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून आहे. फुफीने रंग देताना ती मुद्दाम सोडली.

रिक्षा गोळीबार मैदानाजवळून गेली. पोरे क्रिकेट खेळत होती. दोन वर्षांपूर्वी याच मैदानाने सगळ्या महाराष्ट्राच्या बातम्या व्यापल्या होत्या. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. 17 फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांना दिले. त्यानंतर उद्धव ठाकरे यांनी पहिली मोठी सभा घेतली ती आमच्या खेडात, 5 मार्चला, शबे-बरातच्या दोन दिवस आधी. चौदा दिवसांनी, 19 मार्चला, त्याच मैदानावर शिंदे यांची सभा. खेडच का, तर रामदास कदम इथले. 1990 पासून ते खेडचे आमदार होते आणि फुटीत शिंदे यांच्याबरोबर गेले. त्यांचे चिरंजीव योगेश कदम दापोलीचे आमदार आहेत, आता राज्यमंत्रीही. खेड नावाचा मतदारसंघ मात्र राहिला नाही. 2008 च्या पुनर्रचनेत तालुक्याचे तुकडे होऊन काही दापोलीत गेला, काही गुहागरात.

आमच्या घरातून दोन्ही सभांना माणसे गेली होती. धाकटा भाऊ कुवेतहून परतल्यापासून बांधकामाची छोटी कंत्राटे घेतो, तो 19 तारखेला. त्याचाच पुतण्या, म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा, लोट्याच्या कारखान्यात केमिस्ट, तो 5 तारखेला. एकाच मोटारसायकलवर, वेगवेगळ्या रविवारी. भाभी हसून सांगत होती, पण हसण्यात काळजी होती. त्या वर्षीच्या ईदला चाचा-पुतणे गळाभेट घेऊन लगेच वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन बसले होते.

इफ्तारला घावणे होते, सांदण होते. खजूर तोंडात टाकला, मगरिब झाली आणि विषय निघालाच.

भावाचे म्हणणे सरळ होते. सत्ता ज्याची त्याच्याकडे काम. “आपा, तू बीएड आहेस. मदरशात शिकवणाऱ्या बीएड शिक्षकाला आठ हजार मिळत होते, शिंदे सरकारने अठरा केले. डीएडवाल्याचे सहाचे सोळा. मौलाना आझाद महामंडळाचे भागभांडवल सातशे कोटींचे हजार कोटी केले. आपल्या बायकांच्या खात्यात लाडकी बहीणचे दीड हजार येतात ना? कोणी धर्म विचारला?” आकडे खरे आहेत. ऑक्टोबर 2024 चे निर्णय आहेत ते, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या काही दिवस आधीचे. ती तारीखही तितकीच खरी, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, “पगार कधी वाढला याने चूल पेटायची थांबते का?” मला उत्तर सुचले नाही.

पुतण्या उसळला. “त्याच सरकारातला मंत्री परवा झटका मटणासाठी मल्हार सर्टिफिकेट काढतो, तेही रमजानमध्ये. तेव्हा तुमचे लोक का बोलत नाहीत?” संविधान वाचवायचे म्हणून त्याने मशालीला मत दिले, मोहल्ल्यातल्या पोरांनाही दिवसभर मतदानाला नेले. मी विचारले, मग 6 डिसेंबरला काय झाले? विधानसभेचा निकाल लागून दोन आठवडे झाले नव्हते. ठाकरे यांच्या पक्षाचे आमदार मिलिंद नार्वेकर यांनी बाबरीच्या शहादतीचे चित्र अभिमानाने टाकले. अबू आझमी यांनी लगेच समाजवादी पक्ष आघाडीतून बाहेर पडत असल्याचे सांगितले. पुतण्या ताटाकडे पाहत राहिला. त्याला चिडवायचा माझा हेतू नव्हता, पण शिक्षकी सवय वाईट.

फुफी या सगळ्यात काही बोलली नाही. जानेवारी 1993 मध्ये ती मुंबईत जोगेश्वरीला होती. तीन मुले आणि एक शिलाई मशीन घेऊन एसटीने खेडला आली आणि परत गेलीच नाही. त्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यात अशी कितीतरी घरे भरली होती. श्रीकृष्ण आयोगाने पुढे 1998 च्या अहवालात कोणाला जबाबदार धरले, ते तिने वाचलेले नाही. तिला गरज नव्हती. आज ज्या दोन गटांसाठी तिचा भाचा आणि नातू भांडतात, ते तेव्हा एकच होते, हे तिच्यासमोर कोणी मोठ्याने म्हणत नाही.

मी तिला नंतर भांडी घासताना विचारले, “फुफी, तू कोणाला दिलेस?”

“मतदान गुप्त असते ना? तूच तर शाई लावतेस लोकांना.”

खरेच लावते. 7 मे 2024 ला रायगड लोकसभेसाठी माझी ड्युटी महाड बाजूच्या एका केंद्रावर होती. एक बुजुर्ग खाला आतून ओरडली, “बेटी, यात हात नाही!” थोड्या वेळाने एक आजोबा, डोक्याला टोपी, कपाळाला गंध, तेही म्हणाले, “बाण दिसत नाही.” दोघेही बरोबर होते. यंत्रावर सुनील तटकरे यांचे घड्याळ होते आणि अनंत गीते यांची मशाल. आम्हाला काही सांगायची परवानगी नाही. खाला बराच वेळ आत होती. मग आवाज आला, बीप. तटकरे सुमारे 82 हजारांनी जिंकले. घड्याळही तोवर फुटलेल्या पक्षाचेच होते, फेब्रुवारीत अजित पवारांना मिळालेले.

आमच्या भागाने अशा कोलांट्या पूर्वीही पाहिल्या आहेत. हुसेन दलवाई खेडचे आमदार होते, मंत्री झाले, 1984 मध्ये रत्नागिरीचे खासदार. आंबेतचे अंतुले साहेब 1980 मध्ये मुख्यमंत्री. तेव्हा हात म्हणजे मोहल्ला, असे गणित होते. पण 2009 मध्ये अंतुले रायगडमधून गीते यांच्याकडून हरले आणि 2014 मध्ये ते तटकरेंच्या विरोधात गेले. गीते जेमतेम दोन हजार मतांनी आले. सुनील तटकरे नावाच्याच एका अपक्षाला नऊ हजारांवर मते पडली होती! चाचा, वय ऐंशी, जन्मभर जहाजावर, ही गोष्ट मिटक्या मारत सांगतात.

त्या रात्री तरावीहनंतर मशिदीच्या ओट्यावर चाचांच्या वयाच्या एका गृहस्थांनी अमेरिकेतल्या मुलाचा किस्सा सांगितला. तिथे पक्षाचा उमेदवार कोण हे आधी पक्षाचे साधे मतदारच मत देऊन ठरवतात, प्रायमरी म्हणतात त्याला. मिशिगनमध्ये फेब्रुवारी 2024 मध्ये, गाझामुळे नाराज झालेल्या अरब आणि मुस्लिम मतदारांनी पुढाकार घेतला आणि लाखाहून अधिक लोकांनी बायडेनऐवजी ‘कोणालाच बांधील नाही’ या रकान्यावर मत दिले. चाचांनी मला घरी येऊन हे सांगितले आणि विचारले, “आपल्याकडे तसे का नाही?” आपल्याकडे नोटा आहे, 2013 पासून. पण ते सगळे ठरून गेल्यावर. उमेदवार मुंबईत ठरतो आणि मोहल्ल्याला तो बॅनरवरून कळतो. त्या लोकसभेला आघाडीने महाराष्ट्रातल्या 48 जागांत एकही मुस्लिम उमेदवार दिला नव्हता, त्यावरून काँग्रेसचे नसीम खान यांनी प्रचारकपद सोडले होते. आम्हाला मत मागायला मात्र सगळे आले. मालेगावच्या सभेसाठी ठाकरेंच्या स्वागताचे उर्दू बॅनर लागले, त्याची केवढी चर्चा झाली! मी उर्दूची शिक्षिका. बॅनर लावणाऱ्यांपैकी एकाने जरी एखाद्या उर्दू शाळेच्या रिकाम्या जागांबद्दल विचारले असते, तर मला जास्त बरे वाटले असते.

आता विधानसभेत दोन्ही सेनांकडे एकेक मुस्लिम आमदार आहे. वर्सोव्याचे हारून खान तिकडे, सिल्लोडचे अब्दुल सत्तार इकडे. एकूण दहा. पुतण्या आणि भाऊ दोघांनी आपापला एक मला मोजून दाखवला.

आणखी एक बातमी त्याच दिवसांत खेडभर होती. 5 मार्च 2023 च्या सभेत ठाकरेंकडे गेलेले माजी आमदार संजय कदम, 2024 मध्ये मशालीवर लढून हरलेले, शिंदे यांच्याकडे निघाले होते. पुतण्याने त्यांच्यासाठी दारोदार चिठ्ठ्या वाटल्या होत्या. आता ते आणि माझा भाऊ एकाच पक्षात. भावाला वाटले होते, पोरगा आता तरी ऐकेल. पोरगा म्हणाला, “मी माणसासाठी नव्हतो गेलो.” मग कशासाठी, हे सांगायला तो थांबला नाही, सेहरीसाठी दूध आणायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी फुफीने मला नदीकाठच्या कब्रस्तानाकडे नेले. अब्बांच्या कबरीवर फातिहा पढले. 2021 च्या पाण्यात पडलेली कुंपणाची भिंत अजून तशीच. प्रत्येक निवडणुकीला कोणीतरी टेप घेऊन येतो आणि मोजून जातो. फुफी म्हणाली, “परवा तुझा भाऊ आणि नातू दोघे मिळून आले होते मोजायला. दोघांचे माप वेगळे आले.”

“किती?”

“तीन फूट. मी म्हटले, मोठे ते धरा.”

भरणे नाक्यावर तिने माझ्या पिशवीत सांदणाचा डबा कोंबला. एसटी उशिरा आली, इफ्तार कशेडीच्या बोगद्यात झाली, शेजारच्या सीटवरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.