कसा, ते सांग

वृत्तपत्राच्या क्रीडा विभागात लागलो तेव्हा मला निकाल लिहिता येत होते, खेळ बघता येत नव्हता. कोण जिंकलं आणि किती फरकानं, एवढं कळलं की बातमी झाली असं वाटायचं. त्यापलीकडचं जे थोडंफार पुढे उमगलं, ते आमच्याकडच्या एका मुद्रितशोधकांमुळे. सगळे त्यांना काका म्हणत. लष्करात असताना बॉक्सिंग केलेले, निवृत्तीनंतर प्रुफं तपासायला आलेले. मूळचे कोल्हापूरकडचे, त्यामुळे बॉक्सिंगबद्दल बोलतानाही भाषा तालमीची. लढत ठरवणं म्हणजे त्यांच्या लेखी ‘जोड लावणं’.

रात्रपाळीत शेवटचं पान सुटेपर्यंत मधे रिकामा वेळ मिळे. तेव्हा काका जोडी लावत, तीही कधीच होऊ न शकणारी. त्यांची आवडती जोड शुगर रे रॉबिन्सन आणि मुहंमद अली. रॉबिन्सन वेल्टरवेटचा जगज्जेता. त्या गटाची मर्यादा १४७ पाउंड, म्हणजे जेमतेम ६७ किलो. पुढे तो १६० पाउंडांच्या मिडलवेटमध्ये गेला आणि तिथेही जिंकला. अली हेवीवेट, दोनशे पाउंडांच्या वरचा.

“कोण मारेल?” काकांनी विचारलं.

“अली.”

“कसा, ते सांग.”

“वजन जास्त आहे त्याचं.”

“मग काट्यावर उभं करून निकाल देऊ की! रिंग कशाला बांधायची?”

त्यांच्या खेळात जिंकणाऱ्याचं नाव घेऊन सुटका नसे. कितव्या फेरीत, कुठल्या ठोशानं, आणि तो ठोसा बसेपर्यंत दुसरा काय करत होता, हे सगळं सांगावं लागे. दोघांना एका वजनावर आणायचं तर हलवायचं कोणाला, हेही आधी ठरवायचं. मी रॉबिन्सनला ९५ किलोंचा करून टाकला. काका म्हणाले, “मग तो रॉबिन्सन कुठे राहिला?” शरीर सगळीकडून सारखं वाढवलं तर वजन घनाच्या हिशेबानं वाढतं, स्नायूंची ताकद मात्र त्यांच्या जाडीनुसार, म्हणजे वर्गाच्या हिशेबानं. फुगवलेल्या रॉबिन्सनकडून ठोशांची ती सलग सरबत्ती झाली नसती. मग मी अलीला बारीक करायला निघालो. तेही काकांना पटेना. अली रॉबिन्सनला आदर्श मानायचा. हलक्या गटातली चपळाई त्यानं सहा फूट तीन इंचांच्या देहात आणली, हेच तर त्याचं नवल. देह काढून घेतला की नवलही गेलं.

मी वैतागलो, की काका आधी घडलेलं वाचायला सांगत. त्यांच्या सांगण्यावरून मी वाचनालयातली जुनी क्रीडा मासिकं धुंडाळू लागलो. त्यातून कळलं, की अशा विषम जोड्या खरोखर लागल्या आहेत. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोल्मा इथे मिडलवेट विजेता स्टॅनली केचेल हेवीवेट विजेत्या जॅक जॉन्सनसमोर उभा राहिला. बाराव्या फेरीत त्यानं जॉन्सनला खाली पाडलं. जॉन्सन उठला आणि लगेच त्यानं केचेलला आडवं केलं. १९४१ मध्ये लाइट हेवीवेटचा बिली कॉन न्यूयॉर्कमध्ये जो लुईविरुद्ध बारा फेऱ्यांनंतर गुणांवर पुढे होता. तेराव्या फेरीत तो नॉकआउटच्या मागे लागला आणि फेरी संपायला दोन सेकंद उरली असताना स्वतःच बाद झाला.

पण काकांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली ती २५ जून १९५२ ची, यँकी स्टेडियमवरची लढत. मिडलवेट विजेता रॉबिन्सन १५७.५ पाउंडांचा, समोर लाइट हेवीवेट विजेता जोई मॅक्सिम १७३ पाउंडांचा. रिंगणाशी उष्मा चाळीस अंशांच्या घरात. दहाव्या फेरीनंतर पंच रूबी गोल्डस्टीन यांनाच उभं राहवेना. त्यांच्या जागी दुसरे पंच आले. तिन्ही गुणपत्रिकांवर रॉबिन्सन पुढे होता. तेराव्या फेरीत त्यानं मारलेला ठोसा हुकला आणि स्वतःच्याच जोरानं तो तोंडावर पडला. चौदाव्या फेरीची घंटा झाली तेव्हा त्याला स्टुलावरून उठवलं नाही. दोनशेच्या आसपास व्यावसायिक लढतींत तो वेळेआधी थांबला तो एवढ्या एकदाच. मॅक्सिमला उष्मा कमी नव्हता. पण रॉबिन्सन सतत फिरत होता, आपल्याहून जड माणसाच्या मिठीतून सुटत होता. साडेपंधरा पाउंडांचा फरक ठोशातून नाही, अशा दमवण्यातून वसूल झाला. ‘वजन जास्त आहे’ या माझ्या उत्तरात एवढं सगळं बसायला हवं होतं.

पुढे काकांनी खेळाला आणखी एक नियम जोडला. आज ज्याला जिंकवलं, उद्या त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात बसायचं. मला तो नियम जाचक वाटायचा; काल मांडलेले मुद्दे आज स्वतःच खोडायला जिवावर येई. याच सुमारास माझे छोटे लेख छापून येऊ लागले होते. प्रुफं काकांकडे जात. व्याकरणाच्या खुणांबरोबर समासात पेन्सिलनं एखादं ‘कसा?’ असे. ‘सहज विजय मिळवला’ या वाक्याशेजारी तर हटकून. ते काही सुचवत नसत. उत्तर नसलं, की मी वाक्य काढून टाकी.

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता ज्या खुर्चीवर बसतो, तिथे वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना करणारे लेख येतच असतात: कोण थोर, कोणाचा विक्रम मोठा. मी ते परत पाठवत नाही. अशी तुलना पोरकट म्हणून सोडून द्यावी असं काकांनी कधी शिकवलं नाही. अशक्य जोडही नेकीनं लावता येते, एवढंच दाखवलं. नव्या वार्ताहराला मी आधी हरलेल्याबद्दल विचारतो: शेवटचा गुण जाईपर्यंत तो काय करत होता? बहुतेकदा त्या उत्तरातच खरी बातमी असते. लोक याला माझी शिस्त म्हणतात. ती माझी नाही. समासातल्या पेन्सिलीची आहे, आणि त्या पेन्सिलीचं देणं मला फेडता आलेलं नाही.