उरलेल्या मुळ्याचा पुरावा

‘उरलेले’ आणि ‘शिळे’ या दोन शब्दांत मराठी बोलणारा माणूस भेद करतो, आणि तो केवळ वेळेचा नाही. शिळे म्हणजे ज्यावर काळाचा परिणाम झाला ते. उरलेले म्हणजे ज्याचे काम अद्याप संपलेले नाही ते. शिळ्या कढीला ऊत आणणाऱ्याची आपण थट्टा करतो, पण उरलेल्याला कामाला लावणाऱ्या बाईला संसार कळतो, असे म्हणतो.

उत्तरेकडच्या घरांत हिवाळ्यात उरलेल्या सलगमाचे काय करावे, हा प्रश्न पडत असेल. सलगम हा शब्दच आपल्याकडे फारसीतून आलेला, आणि देशावरच्या स्वयंपाकघरात ती भाजी क्वचितच शिरते. तिचा मोहरीच्याच कुळातला भाऊबंद, मुळा, मात्र आमच्या घोडनदीकाठच्या गावांत घरचाच. जुडी घ्यायची ती कोशिंबिरीपुरत्या एका मुळ्यासाठी; मग उरलेल्या चारांचे काय, हा प्रश्न आलाच.

आमच्या घरी त्याचे उत्तर मोठ्या काकूंकडे असे. बाजारातून जुडी आली की त्या आधी पाला कापून वेगळा करीत, कारण पाला कंदातला ओलावा ओढून घेतो आणि मुळा दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होतो. पाल्याची त्या मूगडाळ घालून किंवा पीठ पेरून भाजी करीत. पहिल्या दिवशी दह्यातली कोशिंबीर होई, दुसऱ्या दिवशी भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून मुळ्याचा चटका, तिसऱ्या दिवशी आमटीत चकत्या. त्यानंतरही काही उरलेच तर ते किसून, मीठ लावून, पिळून थालीपिठाच्या भाजणीत जाई, आणि पिळून निघालेल्या पाण्यातच ती भाजणी भिजवली जाई. मुळा किसला की पेशी फुटून त्याचा झणका तयार होतो आणि आच लागली की तो मावळतो, हे रसायनशास्त्र त्यांना ठाऊक नव्हते. कुणाच्या ताटात कोणता मुळा जावा, हे ठाऊक होते. माघात मुळा खाऊ नये, हा धर्मशास्त्राचा नियम त्या पाळीत; पण तोवर निबर होऊन फुलावर आलेल्या मुळ्याच्या डिंगऱ्यांची भाजी करायला त्यांची हरकत नसे.

काकू गेल्यावर त्यांची ट्रंक आम्ही उघडली. एक वही निघाली. तीत दुधाचा हिशेब होता, लग्नातल्या आहेरांची यादी होती. मुळ्याबद्दल एक अक्षरही नव्हते.

इनामगावची पांढर आमच्यापासून दूर नाही. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांचा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले हे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव. ते लोक जव पिकवीत, मसूर, वाटाणा, कुळीथ, वाल खात, धान्य बळदांत आणि रांजणांत साठवीत, हे आज शाळकरी मुलालाही सांगता येते. ते कशावरून कळले? प्रामुख्याने जळालेल्या दाण्यांवरून. जो दाणा शिजला आणि खाल्ला गेला त्याची खूण उरत नाही. जो चुलीत सांडला, ज्याचा कोळसा झाला, तो तीन हजार वर्षे टिकतो. पालेभाजी किंवा कंद यांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. ज्या घरात काहीच वाया गेले नाही, त्या घराबद्दल पुरातत्त्व जवळजवळ मुके असते.

साहित्याच्या इतिहासाचेही असेच होत असावे, असे आम्हांस वाटते. आपण ‘पुरावा’ म्हणतो तो बहुधा लिहून ठेवण्याइतकी फुरसत असलेल्यांचा असतो. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ आले, १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. ही दोन पुस्तके नसती तर मराठी स्वयंपाकाबद्दल वर्गात काय बोलावे, हा प्रश्नच होता. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या नसत्या, तर त्याही पिठासारख्या रोजच्या रोज संपून गेल्या असत्या. ओवी गाणाऱ्या बाईने ती जपून ठेवण्यासाठी रचली नव्हती; दळण सरावे म्हणून रचली होती.

येथे एक अडचण आहे, ती झाकून ठेवू नये. काकूंचे कसब लिहून ठेवले की त्याची पाककृती होते, आणि पाककृतीला ‘मुळे चार, मध्यम’ अशी सुरुवात लागते. काकूंची सुरुवात मात्र नेहमी ‘काय उरलंय?’ अशी असे. त्या प्रश्नाला माप नाही. रोजच्या टोपलीवर त्याचे उत्तर ठरते. म्हणून विद्यार्थ्यांना घरच्या बायकांच्या कृती टिपायला सांगताना आम्ही आता पदार्थाचे नाव विचारू देत नाही. आधी घरात काय होते ते लिहावे, मग काय उरले ते, आणि त्याचे काय केले ते शेवटी. पहिल्याच वहीत एका मुलीने तिच्या आजीचे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत: पिळल्यालं पाणी वतायचं न्हाई.