सावित्रीच्या खोऱ्यातील गिधाडे

माणगाव मागे टाकून महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की सावित्रीचे खोरे लागते. महाड ही जुनी बाजारपेठ. रायगडाचा पायथा आणि १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची भूमी. पुढे पोलादपूर, आणि तेथून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट. सहलीला निघालेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हा घाट पाहिलेला असतो. त्याच्या कुशीतील धनगरवाड्या मात्र क्वचितच.

या वाड्यांवरील गवळी धनगरांचे भांडवल म्हणजे गावठी गाई आणि म्हशी. बँकेच्या नोकरीत दुधाळ जनावरांची कर्जे हाताळताना एक गोष्ट मनावर ठसली होती. जनावर मेले की पशुवैद्याचा दाखला आणि कानातील बिल्ला विम्यासाठी जपला जातो. देहाचे पुढे काय होते, त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. तो हिशेब पूर्वी गिधाडे चुकता करीत. थवा उतरला की काही वेळातच केवळ हाडे उरत.

१९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९९ हून अधिक घटली. कारण २००४ मध्ये उघड झाले. जनावरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक मृत देहातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. शंभर मृत जनावरांत एकाच्या अंगी जरी हे औषध असले, तरी एवढा संहार होऊ शकतो; कारण एका देहावर अनेक पक्षी जेवतात आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. गिधाडे गेली, तशी मोकाट कुत्री वाढली आणि रेबीजचे भय बळावले.

महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेने प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकाराने या परिसरात आणि शेजारच्या म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे गिधाड संवर्धनाचे काम उभे केले. यातील अवघड भाग पक्ष्यांचा नव्हे, माणसांचा असतो. मेलेले जनावर पुरावे, ही शिकवण लोकांनी स्वच्छतेपोटी स्वीकारलेली. त्यामुळे गिधाडांचे अन्न तुटते. उलट देह उघड्यावर ठेवावा, तर दुर्गंधी येते, झऱ्याचे पाणी बिघडते आणि बिबट्या वाडीजवळ येतो. ही तक्रार अवाजवी म्हणता येत नाही. ज्याच्या गोठ्यातील वासरू बिबट्याने नेले आहे, त्याला निसर्गाचा समतोल ऐकवणे हा त्याचा अपमान आहे.

म्हणून मार्ग व्यवहाराचाच असावा लागतो. वस्ती आणि पाणवठ्यापासून दूर एक जागा ठरवायची. जनावर मेल्याची वर्दी तत्काळ पोहोचावी अशी व्यवस्था करायची. वाहून नेण्याचा भार एकट्या मालकावर टाकायचा नाही. घरट्यांची उंच झाडे तोडायची नाहीत. आणि सर्वांत आधी त्या जनावराला शेवटी कोणते औषध दिले होते, हे विचारायचे. हे उत्तर मालकाजवळच असते; त्याचा विश्वास नसेल, तर संवर्धन कागदावरच राहते.

पशूंसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद झाल्या. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक पशूंसाठी वर्ज्य ठरले. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित असलेला पर्याय उपलब्ध आहे.

येथे हा विषय आपल्या उंबरठ्याशी येतो. आपल्यापैकी अनेकांची औषधांची दुकाने आहेत आणि पांजरपोळांना आपण पिढ्यान्‌पिढ्या दान देतो. तेथील वृद्ध, दुखणाईत जनावरांना वेदनाशामक लागतेच. पुढच्या वेळी पावती घेताना औषधांच्या साठ्याची वहीही पाहावी. एका जिवाची वेदना शमविताना दुसऱ्याचा घात होऊ नये, इतकी दक्षता जीवदयेत गृहीतच आहे.